ब्राउझर बदलला की व्हिडीओची क्वालिटी का बदलते?

नेट तेच, प्लॅन तोच, वेब सिरीजही तीच. तरी एका ब्राउझरमध्ये चित्र एकदम स्वच्छ दिसतं आणि दुसऱ्यात तेच चित्र धुरकट. अशा वेळी आपण सगळ्यात आधी नेटला शिव्या घालतो. राउटर बंद करून चालू करतो, फोन एअरप्लेन मोडवर टाकून काढतो आणि शेवटी मोठा डेटा पॅक मारतो किंवा ओटीटीचा महागडा प्लॅन घेतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे घरातल्या आणि मित्रांच्या अशा तक्रारी हमखास माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ नेटमध्ये सापडत नाही, ते ब्राउझरमध्ये सापडतं. आणि ब्राउझर बदलायला एक रुपयाही लागत नाही. म्हणून खिशात हात घालण्याआधी हे सगळं नीट समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. व्हिडीओच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. आडात भरपूर पाणी असतं, पण पोहराच लहान असतो. सर्व्हरवर ४के व्हिडीओ तयार असतो, नेटही पुरेसं असतं, पण तुमचा ब्राउझर तो व्हिडीओ उघडू शकत नाही किंवा त्याला उघडायची परवानगी नसते. मग सर्व्हर गुपचूप कमी दर्जाचा व्हिडीओ पाठवतो. स्क्रीनवर कुठलाही एरर येत नाही, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

व्हिडीओ तुमच्यापर्यंत येतो कसा?

यूट्यूब असो की नेटफ्लिक्स, एका व्हिडीओची एकच फाईल नसते. ३६०पी, ७२०पी, १०८०पी, ४के अशा वेगवेगळ्या क्वालिटीच्या फाईल्स आधीच बनवलेल्या असतात. (१०८०पी म्हणजे चित्रात वरपासून खालपर्यंत १०८० ओळी. ४के म्हणजे २१६० ओळी.) प्रत्येक फाईल काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. प्लेअर तुमच्या नेटचा वेग मोजत राहतो आणि पुढचा तुकडा कोणत्या क्वालिटीचा मागायचा ते ठरवतो. म्हणूनच नेट हळू झालं की चित्र आधी धूसर होतं आणि थोड्या वेळाने परत स्वच्छ होतं.

नेटला किती वेग लागतो? नेटफ्लिक्सने दिलेले आकडे असे आहेत:

- ७२०पी साठी ३ एमबीपीएस
- १०८०पी साठी ५ एमबीपीएस
- ४के साठी १५ एमबीपीएस

घरात ५० किंवा १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन असेल तर वेग हा प्रश्नच उरत नाही. तरीही क्वालिटी मिळत नसेल तर पुढच्या दोन गोष्टींकडे बघायला हवं: कोडेक आणि डीआरएम. या दोन्ही गोष्टी ब्राउझरच्या हातात असतात.

पहिली गोष्ट: कोडेक

कच्चा व्हिडीओ प्रचंड मोठा असतो. तो नेटवरून पाठवता यावा म्हणून दाबून लहान करतात. दाबायच्या आणि परत उलगडायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सध्या चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

एच.२६४: सगळ्यात जुना आणि सगळीकडे चालणारा. जुना फोन, जुना लॅपटॉप, कोणताही ब्राउझर, काही अडत नाही. पण फाईल मोठी होते.

एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५: फाईल लहान, पण वापरायला पेटंटचे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे ब्राउझर बनवणारे बरीच वर्षं त्यापासून लांब राहिले.

व्हीपी९: गूगलचा, फुकट. यूट्यूब याचा भरपूर वापर करतं.

एव्ही१: गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये आणला. फुकट आहे आणि त्याच चित्रासाठी व्हीपी९ पेक्षाही कमी डेटा घेतो.

आता गंमत बघा. यूट्यूबवर १०८०पीच्या वरची क्वालिटी मुख्यतः व्हीपी९ आणि एव्ही१ मध्येच मिळते. ॲपलच्या सफारीला बरीच वर्षं व्हीपी९ येतच नव्हतं. त्यामुळे लाखभर रुपयांच्या, ४केपेक्षा मोठ्या स्क्रीनच्या आयमॅकवर सफारीत यूट्यूबचा ४के पर्याय दिसायचाच नाही. त्याच मशीनवर क्रोम उघडलं की दिसायचा. २०२० मध्ये मॅकओएस बिग सर आणि आयओएस १४ आले तेव्हा ही अडचण सुटली. नेट, स्क्रीन, व्हिडीओ सगळं तेच. फरक फक्त ब्राउझरचा.

कोडेक येणं वेगळं, झेपणं वेगळं

ब्राउझरला कोडेक येत असला तरी उलगडायचं काम कोण करतं हेही महत्त्वाचं आहे. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चिपमध्ये त्यासाठी खास वेगळा भाग असेल तर काम तिथे होतं. याला हार्डवेअर डीकोडिंग म्हणतात. बॅटरी कमी जाते, फोन गरम होत नाही. तो भाग नसेल तर सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. मग लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो आणि व्हिडीओ अडखळतो. आपल्याला वाटतं बफरिंग होतंय, पण लोडिंगचा गोल फिरत नसतो. चित्र नुसतं झटके देत असतं. हे लक्षण ओळखायला शिका: गोल फिरला तर संशय नेटवर, गोल न फिरता झटके बसले तर संशय डीकोडिंगवर.

एव्ही१ चं हार्डवेअर डीकोडिंग अजून सगळ्या फोनमध्ये नाही. क्वालकॉमने ते स्नॅपड्रॅगन ८ जेन २ या चिपपासून दिलं, म्हणजे २०२२ च्या शेवटी. आयफोनमध्ये ते २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून आलं. सफारी तर एवढी शिस्तीची आहे की चिपमध्ये ही सोय असेल तरच एव्ही१ चालवते, नाहीतर चालवतच नाही.

माझ्याकडे कॉलेजच्या काळातला एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर यूट्यूबचा १०८०पी, ६० फ्रेम्सचा व्हिडीओ क्रोममध्ये लावला की पंखा सुरू होतो. क्रोमला व्हीपी९ चालतं म्हणून यूट्यूब व्हीपी९ पाठवतं, पण त्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला ते येत नाही. एच२६४इफाय नावाचं एक एक्स्टेन्शन मिळतं. ते टाकलं की ब्राउझर यूट्यूबला सांगतो, "मला फक्त एच.२६४ चालतं." पंखा शांत होतो, झटके थांबतात. डेटा थोडा जास्त जातो आणि १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण जुन्या मशीनसाठी हा सौदा वाईट नाही.

दुसरी गोष्ट: डीआरएम म्हणजे कुलूप

यूट्यूबचे बहुतेक व्हिडीओ उघडे असतात. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडीओसारख्या पैसे देऊन बघायच्या सेवांवरचे व्हिडीओ कुलूपबंद असतात. फोनवर सिरीज बघताना स्क्रीनशॉट घेतला तर फोटो काळा येतो, आठवतंय ना? ते याच कुलपामुळे. या पद्धतीला डीआरएम म्हणतात.

कुलूप उघडायची किल्ली ब्राउझरमध्ये असते, आणि वेगवेगळ्या ब्राउझरची किल्ली वेगवेगळी असते:

- क्रोम, फायरफॉक्स, ऑपेरा, ब्रेव्ह: गूगलची वाइडवाइन
- एज: मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी (वाइडवाइनही चालते)
- सफारी: ॲपलची फेअरप्ले

किल्ली कोणाची यापेक्षा कुलूप उघडतात कुठे हे जास्त महत्त्वाचं आहे. वाइडवाइनचे तीन स्तर आहेत. आपल्या कामाचे दोन: एल१ आणि एल३. एल१ मध्ये कुलूप चिपच्या एका बंदिस्त, सुरक्षित भागात उघडतं. तिथे दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर डोकावू शकत नाही. एल३ मध्ये हे काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणजे चोरी करायला सोपं. म्हणून सिनेमा बनवणाऱ्या कंपन्यांची अट असते: ज्याच्याकडे पक्कं कुलूप, त्यालाच चांगली प्रिंट.

कॉम्प्युटरवर क्रोम आणि फायरफॉक्समधली वाइडवाइन सहसा सॉफ्टवेअरवालीच असते. एज विंडोजच्या आत खोलवर बसलेलं आहे, ते प्लेरेडीतून चिपचं संरक्षण वापरू शकतं. सफारीचं आणि मॅकचंही तसंच. आता नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या. अनेक वर्षं विंडोज लॅपटॉपवर नेटफ्लिक्स क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ७२०पीच्या पुढे जातच नव्हतं. त्याच लॅपटॉपवर एजमध्ये १०८०पी मिळायचं. पुढे क्रोम आणि फायरफॉक्सची मर्यादा १०८०पीपर्यंत वाढली, पण ४के हवं असेल तर विंडोजवर एज किंवा नेटफ्लिक्सचं ॲप, आणि मॅकवर सफारी, असाच मार्ग आहे.

शिवाय नुसतं एज उघडून भागत नाही. विंडोजवर नेटफ्लिक्सच्या ४के साठी हे सगळं लागतं: इंटेलची सातव्या पिढीची किंवा त्यानंतरची किंवा तशाच क्षमतेची चिप, विंडोजमध्ये एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन, आणि ४के स्क्रीन. बाहेरचा मॉनिटर लावला असेल तर केबल आणि मॉनिटर दोघांनाही एचडीसीपी २.२ हे संरक्षण चालायला हवं. साखळीतली एक कडी कच्ची निघाली की क्वालिटी खाली.

फोनवर काय होतं?

अँड्रॉइड: फोनवर नेटफ्लिक्स ब्राउझरमध्ये उघडायला गेलात तर ते तुम्हाला ॲपकडे पाठवतं. त्यामुळे इथे ब्राउझरपेक्षा फोनला एल१ आहे की एल३ हे बघायचं. २०१८ मध्ये पोको एफ१ आला तेव्हा त्यात त्या वेळची तगडी स्नॅपड्रॅगन ८४५ चिप होती, किंमत २१ हजारांच्या आत, पण वाइडवाइन एल३. म्हणजे एवढ्या भारी फोनवर नेटफ्लिक्स एचडीमध्ये दिसत नव्हतं. २०१९ मध्ये अपडेट आल्यावर त्याला एल१ मिळालं. चिप तीच, स्क्रीन तीच, फक्त कुलपाचा दर्जा बदलला. काही फोनमध्ये बूटलोडर अनलॉक केला की एल१ जाऊन एल३ होतं, त्यामुळे कस्टम रॉम टाकायच्या आधी हे तपासा.

आयफोन: आपल्याकडे आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या किंवा ब्रेव्ह, आतलं इंजिन ॲपलचंच असतं. वेबकिट त्याचं नाव. ॲपलचा तसा नियमच आहे. युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२४ पासून त्यात सूट आहे, पण भारतात नाही. त्यामुळे आयफोनवर ब्राउझर बदलून व्हिडीओची क्वालिटी सुधारेल ही आशा सोडा.

छोटे ब्राउझर: ब्रेव्हमध्ये कॉम्प्युटरवर पहिल्यांदा ओटीटी उघडलं की ते वाइडवाइन चालू करायची परवानगी विचारतं. "नको" म्हटलंत तर व्हिडीओ चालणार नाही. एखादा अगदी नवा, छोटा ब्राउझर घेतला तर त्यात वाइडवाइन नसूही शकते, कारण ती वापरायला गूगलची परवानगी लागते. २०१९ मध्ये एका स्वतंत्र डेव्हलपरने आपल्या ब्राउझरसाठी ती मागितली होती. काही महिने थांबल्यावर त्याला नकार मिळाला. वेबवरच्या या कुलूपव्यवस्थेला २०१७ मध्ये डब्ल्यू३सी या संस्थेने अधिकृत दर्जा दिला, तेव्हा डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने निषेध म्हणून डब्ल्यू३सी सोडली होती. आपल्या स्क्रीनवर काय दिसावं याची किल्ली दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या हातात जाईल, हीच त्यामागची एक मोठी भीती होती.

पैशांचा हिशोब

हे सगळं समजून घ्यायचं कारण पैसा. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हा १०८०पीचा स्टँडर्ड प्लॅन महिना ४९९ रुपये आणि ४केचा प्रीमियम ६४९ रुपये झाला. फरक महिन्याला १५० रुपये, वर्षाला १८०० रुपये. तुम्ही एकटेच बघत असाल आणि लॅपटॉपवर क्रोममध्येच बघत असाल, तर हे १८०० रुपये न दिसणाऱ्या क्वालिटीसाठी जातात.

माझ्या मावसभावाने एका ओटीटीचा सगळ्यात वरचा प्लॅन घेतला होता, "चित्र क्लिअर दिसावं म्हणून." त्याच्या लॅपटॉपची स्क्रीन होती १३६६ बाय ७६८. त्या स्क्रीनवर १०८०पीसुद्धा पूर्ण मावत नाही, ४केची तर गोष्टच सोडा. त्याने खालचा प्लॅन घेतला, चित्रात काडीचाही फरक पडला नाही.

डेटाचाही हिशोब करा. ५ एमबीपीएसने एक तास बघितलं की सव्वादोन जीबी जातात. रोजचा २ जीबीचा पॅक असेल आणि हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर एक एपिसोड आणि पॅक संपला. अशा वेळी ७२०पी मुद्दाम निवडणं शहाणपणाचं.

स्वतः तपासा, पाच मिनिटांत

१. नेटचा वेग: फास्ट डॉट कॉम उघडा. ही नेटफ्लिक्सचीच साईट आहे आणि वेग त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते. १० च्या वर आकडा आला तर १०८०पीसाठी नेट निर्दोष.

२. यूट्यूब: कॉम्प्युटरवर चालू व्हिडीओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" निवडा. अँड्रॉइड ॲपमध्ये हा पर्याय आधी जनरल सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. तिथे आत्ताचं रिझोल्यूशन, कोडेक आणि गाळलेल्या फ्रेम्स दिसतात. गाळलेल्या फ्रेम्सचा आकडा भराभर वाढत असेल तर मशीनला तो कोडेक झेपत नाहीये.

३. नेटफ्लिक्स, कॉम्प्युटरवर: व्हिडीओ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि डी ही बटणं एकत्र दाबा. माहितीचा चौकोन येईल. त्यात बिटरेटसमोर आत्ताचं रिझोल्यूशन दिसतं. सुरुवातीचा एखादा मिनिट जाऊ द्या, मग बघा. हेच दुसऱ्या ब्राउझरमध्ये करा आणि आकडे जुळवा.

४. नेटफ्लिक्स, अँड्रॉइडवर: ॲप सेटिंग्जमध्ये "प्लेबॅक स्पेसिफिकेशन" बघा. तिथे वाइडवाइनचा स्तर आणि जास्तीत जास्त मिळणारी क्वालिटी लिहिलेली असते. प्ले स्टोअरवरच्या डीआरएम इन्फो या ॲपमध्येही एल१ की एल३ ते कळतं.

५. हार्डवेअर ॲक्सिलरेशन: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "सिस्टीम" विभागात ग्राफिक्स किंवा हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. कधीतरी कुणीतरी सांगितलं म्हणून बंद केलेलं असतं आणि नंतर विसरून जातो.

ब्राउझर निर्दोष असतो तेव्हा

प्रत्येक वेळी दोष ब्राउझरचाच असतो असंही नाही. तुमच्या प्लॅनची मर्यादा असू शकते. डेटा सेव्हर चालू असू शकतो. व्हिडीओची खिडकी लहान असेल तर यूट्यूब "ऑटो"वर मुद्दाम कमी क्वालिटी देतं, फुल स्क्रीन केली की वाढते. कधी निर्णय वरूनच झालेला असतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा नेटवर्कवरचा ताण कमी करायला भारतात मोबाईल नेटवर्कवर व्हिडीओ ४८०पीपर्यंत मर्यादित केले होते. तेव्हा कोणताही ब्राउझर घेतला असता तरी उपयोग नव्हता.

मग कोणता ब्राउझर घ्यायचा?

- विंडोज लॅपटॉप, ओटीटी बघायचं: एज. रोजच्या कामाला क्रोम राहू द्या, सिरीजपुरतं एज उघडा.
- मॅक, ओटीटी: सफारी.
- फक्त यूट्यूब: क्रोम, एज, फायरफॉक्स, काहीही चालेल. मशीन जुनी असेल तर एच.२६४ वर आणा.
- अँड्रॉइड फोन: ओटीटीसाठी ॲप. नवीन फोन घेताना मेगापिक्सेलसोबत वाइडवाइन एल१ आहे का तेही विचारा.
- आयफोन: आहे तो ब्राउझर ठीक आहे.

या मर्यादा कंपन्या अधूनमधून बदलत असतात, म्हणून वरचा प्लॅन घेण्याआधी त्या सेवेच्या हेल्प पेजवर तुमच्या ब्राउझरसमोर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आणि पुढच्या वेळी चित्र धूसर दिसलं तर राउटरची पिन काढण्याआधी दुसरा ब्राउझर उघडून बघा. दोन्हीकडे चित्र सारखंच धूसर असेल, तर मग खुशाल नेटवाल्याला फोन लावा.